उकडबाईंचा पिवळा सॉस

बाईंना अर्धवट काम करताना आजवर कुणी पाहिलं नव्हतं, आणि अंड्याच्या बाबतीत तर नाहीच नाही. सत्तावीस वर्षं त्यांनी इस्पितळाच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात अंडी उकडली. रोजची दोनशे चाळीस. तारांच्या टोपल्यांत भरायची, टोपल्या खळखळत्या पाण्यात सोडायच्या, वर झाकण, आणि टायमर बारा मिनिटांवर. वाजला की बाहेर. अकरा मिनिटांनी नाही, साडेअकरांनीही नाही. एकदा खुद्द मोठे डॉक्टर खाली येऊन म्हणाले, "बाई, माझ्यापुरतं एक जरा मऊ ठेवाल का?" बाईंनी हातातला झारासुद्धा खाली ठेवला नाही. म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही पेशंटला अर्ध्या ऑपरेशनवर सोडता का?" डॉक्टर बिचारे टणक अंडं खाऊन मुकाट वर गेले. तेव्हापासून नाव पडलं उकडबाई. ते वॉर्डात जन्मलं, लिफ्टने खाली आलं आणि हळूहळू बाईंच्या घरापर्यंत पोचलं. बाईंना त्याचा राग नव्हता. खरं सांगायचं तर मनातून जरा अभिमानच होता.

मग एका सोमवारी इस्पितळाने ठरवलं की स्वयंपाकघर बंद. आता जेवण बाहेरून येणार, बंद ट्रेमधून, वर तारीख छापून. बाईंना आभाराचं पत्र मिळालं, फुलांचा गुच्छ मिळाला, आणि चोपन्नाव्या वर्षी त्या घरी येऊन बसल्या. बसल्या म्हणजे काय, बसणं त्यांच्या अंगातच नव्हतं. पहिल्या आठवड्यात त्यांनी घरातले झाडून सगळे डबे घासून काढले. दुसऱ्या आठवड्यात घासलेले डबे पुन्हा घासले. यजमान पुढच्या खोलीत शिलाई मशीनं दुरुस्त करायचे. त्यांच्या टेबलावर सदा चार-पाच मशीनं उघडी पडलेली आणि खोलीभर तेलाचा वास. ते नाकावरचा चष्मा सरकवत म्हणाले, "अगं, बाहेर काहीतरी बघ बाई. डबे संपले की माझा नंबर लागणार, दिसतंय मला ते."

वरच्या मजल्यावर नणंद राहायची. मनाने वाईट नाही हो, पण तोंडाला कुलूप म्हणून नाही. ती खाली येऊन खुर्चीत ऐसपैस बसली आणि म्हणाली, "वहिनी, आता आराम करा की. या वयात कोण कामावर ठेवतंय? आणि रागावू नका, पण तुम्हाला उकडण्याशिवाय येतं काय?"

बाई रागावल्या नाहीत. त्यांना लागलं. रागावणं वेगळं आणि लागणं वेगळं. रात्री त्यांनी स्वतःलाच विचारलं, खरंच, काय येतं मला?  स्वयंपाकघर गेलं तर आपण कोण उरलो, एवढाच प्रश्न होता, आणि तो फार मोठा होता. सकाळी उठल्या त्या ठरवूनच.

दोन रस्ते सोडून चौदा खोल्यांचं एक लहानसं हॉटेल होतं. त्याच्या मागच्या दारावर कागद लावलेला बाईंनी येता-जाता पाहिला होता: न्याहारीसाठी अनुभवी स्वयंपाकी पाहिजे. बाईंनी दार वाजवलं. आतली शेफ पस्तिशीची, उंच, केस घट्ट बांधलेले, आणि हसणं बहुधा घरी ठेवून आलेली. तिने बाईंना नखशिखान्त न्याहाळलं आणि कामाचंच बोलली.

"बाकी सगळं मी शिकवीन. एकच गोष्ट तुम्हाला आधी यायला हवी. आमच्याकडे सकाळी लोक तिच्यासाठीच येतात. भाजलेला ब्रेड, त्यावर पाण्यात सोडलेलं मऊ अंडं, आणि वरून हॉलंडेझ सॉस. बलक, लोणी, लिंबू. नाव हॉलंडचं, पद्धत फ्रान्सची. हाताने फेटायचा, मशीन चालणार नाही. हा गुरुवार सोडून पुढच्या गुरुवारी, साडेदहा वाजता, माझ्यासमोर करून दाखवा."

"बलक किती मिनिटं शिजवायचे?" बाईंनी विचारलं.

"मिनिटं नाहीत. बलक घट्ट व्हायला हवेत, पण शिजायला नकोत."

बाईंना ते पटेना. घट्ट व्हायला हवेत पण शिजायला नकोत! म्हणजे अंडं कच्चंही नाही आणि पक्कंही नाही, आणि हे माणसांना खाऊ घालायचं, चांगलं बसवून, पैसे घेऊन! पण तोंडातून शब्द निघाला तो, "येते."

पहिला प्रयत्न कसा झाला ते सांगतो, हसू नका. बाईंनी दोन डझन अंडी फोडली. सत्तावीस वर्षं ज्या हाताने दोनशेखाली आकडा पाहिला नाही, त्याला दोन डझन म्हणजे चाखण्यापुरतंच वाटलं. खाली पातेल्यात पाणी, वर मोठा वाडगा, वाडग्यात चोवीस बलक. चार फेटे मारले आणि सवयीने वर झाकण ठेवलं. झाकण ठेवलं की आपोआप हात टायमरकडे गेला. बारा मिनिटांनी झाकण काढलं तेव्हा वाडग्याच्या आकाराची एक पिवळी वीट तयार झाली होती. यजमानांनी ती बोटाने वाजवून पाहिली. "मशीनखाली पाचर म्हणून चालेल," ते म्हणाले.

"तुम्ही तुमचं तेल घाला," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तीन बलक. फक्त तीन, मोजून, स्वतःला बजावून. झाकण कपाटात ठेवून कपाट बंद केलं. चमचाभर पाणी, लिंबाचे थेंब, आणि फेटायला सुरुवात. बलक फिकट झाले, फुलले, फेटायचं तारांचं व्हिस्क उचललं की त्याची रेघ वर क्षणभर दिसायला लागली. वाचनालयातून आणलेल्या पाककृतींच्या पुस्तकात लिहिलं होतं, आता खाली उतरवा. बाईंना ते कळत होतं. पण हात ऐकेना. हात म्हणत होता, अजून जरा, अजून एक मिनिट, कच्चं आहे ते, कुणाच्या पोटात जाणार आहे. एक मिनिट झालं आणि डोळ्यांदेखत सगळ्याच्या बारीक गुठळ्या झाल्या.

तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी उतरवला वेळेवर, पण वितळलेलं लोणी ओतलं ते इस्पितळी थाटात, पातेलं तिरपं करून भसकन. सॉस फाटला. खाली पिवळा चुरा, वर तेलाचं तळं. बाईंनी वाडगा मोरीत उपडा केला आणि नवीन अंडी घेतली. कंटाळा हा शब्द त्यांना माहीत होता, पण ओळख नव्हती.

नणंद जिन्यावरून डोकावली. "वहिनी, झालं का तुमचं फ्रान्स?"

"वाटेत आहे," बाई म्हणाल्या. "पोचलं की कळवते."

लोण्याचा गुंता सोडवला यजमानांनी. दारात उभे राहून ते दोन दिवस बघत होते, आणि ओततानाचा तो हात बघून त्यांना राहवेना. "अगं, तू हे बादलीने पाणी घातल्यासारखं ओततेस. मशीनला तेल देताना मी काय करतो? एक थेंब. तो आत गेला, जिरला, मग दुसरा. आधीचा जिरल्याशिवाय पुढचा नाही." त्यांनी टेबलाच्या खणातून लांब चोचीची एक नवी कोरी तेलाची कुपी काढली. बाईंनी ती तीनदा उकळत्या पाण्यातून काढली, मगच लोणी भरू दिलं. मग बाई फेटायला आणि यजमान थेंब सोडायला. टप. थांब. टप. अर्धा वाडगा होईपर्यंत थेंब, मग दोऱ्याएवढी धार. सॉस चकाकायला लागला.  "थांबू नका हो, सोडा, सोडा!" असं म्हणता म्हणता तीन बलकांत सगळं लोणी जिरलं आणि वाडग्यात गुळगुळीत, जाड, पिवळाधमक सॉस उभा राहिला.

"वा!" म्हणून यजमानांनी बोट पुढे केलं, तर बाईंनी वाडगा झटक्यात मागे ओढला आणि सरळ मोरीत ओतला.

 तसे यजमान शांत माणूस, पण आता त्यांचाही आवाज चढला. "अगं वेडी का काय तू? इतके दिवस घाम गाळलास आणि ओतून दिलास?"

"तुम्हाला काही झालं असतं म्हणजे?"

"लोण्यानं काय होणार मला?"

"अंडं शिजलेलं नव्हतं त्यात." बाई मोरीकडे तोंड करून वाडगा घासायला लागल्या. "तुम्हाला माहीत आहे ना त्या कस्टर्डचं."

ते यजमानांना माहीत होतं. बाई नव्याने लागल्या होत्या, तिसराच महिना. बायकांच्या वॉर्डात दुपारी कस्टर्ड गेलं आणि संध्याकाळपर्यंत अठरा जणींना उलट्या सुरू झाल्या. एक म्हातारी चार दिवस सलाईनवर होती. वाचल्या सगळ्या, पण बाईंनी त्या रात्री वॉर्डाच्या दारातून जे पाहिलं ते त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं नाही. चौकशी झाली, कागदावर आलं, अंडी नीट शिजली नव्हती, आणि तेव्हापासून नियम झाला बारा मिनिटांचा. इतरांनी तो नियम पाळला. बाईंनी त्याचं व्रत केलं.

यजमान स्टुलावर बसले. यंत्राची बिघडलेली जागा शोधताना बसायचे तसे, घाई न करता. "मला एक सांग. ते कस्टर्ड खरंच कच्चं होतं?"

बाईंचा घासणारा हात थांबला. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यांनीही स्वतःला विचारू दिलं नव्हतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "चांगलं शिजलं होतं. मीच ढवळत होते. पण लिफ्ट बंद पडली. ट्रॉली दहा वाजल्यापासून दोनपर्यंत बॉयलरच्या शेजारी उभी. मी येता-जाता पातेल्याला हात लावून बघितला, कोमट होतं. मी स्वयंपाकघराच्या मोठ्या बाईंना म्हटलं, हे पाठवायचं का? त्या म्हणाल्या, गप्प बस, तीन महिन्यांची तू, मला शिकवतेस? आणि मी गप्प बसले." बाईंनी वाडगा पुन्हा घासायला घेतला. "चौकशीतही गप्प बसले. नोकरी जाईल म्हणून. अंड्याचा काही दोष नव्हता हो. दोष माझ्या तोंडाचा."

 यजमान उठले, टोपलीतून तीन अंडी काढून बाईंसमोर ठेवली. "ताजी आहेत ना?"

"सकाळची."

"मग कर. मी खाणार आहे."

बाईंनी केला. यजमानांनी ब्रेडला लावून खाल्ला, वाडगा पुसून खाल्ला, बोटं चाटली. त्यानंतर दुपारभर बाईंनी त्यांना सुखाने बसू दिलं नाही. दर अर्ध्या तासाला दारात. "मळमळतंय का?" "नाही." "पोटात काही?" "अगं, भूक आहे पोटात, चहा कर." संध्याकाळी यजमान मशीनवरून मान वर न करता ओरडले, "जिवंत आहे गं!" तेव्हा कुठे त्या हसल्या. पुढचे दिवस त्या एकट्याने करत राहिल्या, कुपीशिवाय, चमच्याने थेंब थेंब. दोनदा फाटला. फाटला की नवा बलक घ्यायचा, त्यात चमचाभर गरम पाणी, आणि फाटलेला सॉस त्यात हळूहळू फेटत परत आणायचा, हेही शिकून झालं. वाडगा कधी उतरवायचा ते आता मनगटाला कळायला लागलं होतं.

गुरुवारी साडेदहाला बाई हॉटेलच्या स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या तेव्हा आत नुसती धावपळ. ओव्हन पेटलेला, भिंती तापलेल्या. शेफने घड्याळ पाहिलं. "चार नंबरच्या टेबलावर दोघं बसलीत. त्यांना तुमचीच प्लेट जाणार. अंडी आणि ब्रेड मी बघते, सॉस तुमचा. सामान तिथे काढून ठेवलंय. पंधरा मिनिटं."

ओव्हनच्या शेजारच्या ओट्यावर सगळं मांडलेलं होतं. वितळलेलं लोणी, अर्धी लिंबं, मीठ, व्हिस्क, आणि स्टीलच्या भांड्यात आधीच फोडून वेगळे केलेले बलक. बाईंनी भांडं जवळ ओढलं. ते कोमट होतं. बलकांवर पातळ साय धरल्यासारखी झाली होती.

"ही अंडी कधी फोडली?" बाईंनी विचारलं.

"सकाळी."

"सकाळी म्हणजे किती वाजता?"

शेफ ब्रेड कापत होती. "सहाला. तयारी आधी करून ठेवतो आम्ही, वेळ वाचतो. बाई, चौदा मिनिटं राहिलीत."

साडेचार तास, तापलेल्या ओव्हनला खेटून.  आत एक आवाज म्हणत होता, गप्प बस, नवीन आहेस, अजून लागलीसुद्धा नाहीस, तुझ्या घरचं काय जातंय. तो आवाज ओळखीचा होता, आणि इतकी वर्षं तोच जिंकला होता. बाईंनी भांडं उचललं, मोरीपाशी गेल्या आणि सगळे बलक ओतून दिले.

"अहो, काय करताय!" शेफची सुरी थांबली. "तेच वापरायचे होते!"

"हे मी कुणाला खाऊ घालणार नाही," बाई म्हणाल्या.  "या सॉसमध्ये बलक पुरता शिजत नाही. म्हणून तर तो ताजाच पाहिजे. उकळून मारता आलं असतं तर गोष्ट वेगळी होती. मला फ्रिजमधली अंडी द्या. नोकरी द्यायची तर द्या, नाही तर राहू द्या, पण हे त्या टेबलावर जाणार नाही."

 शेफने बाईंकडे पाहिलं, मग मोरीकडे. आणि मग सुरीनेच फ्रिजकडे खूण केली. "बारा मिनिटं."

बाईंनी तीन अंडी आणली, एकेक वाटीत फोडून वास घेतला, बलक वेगळे केले. भांडं स्वतः धुतलं, पुसलं. पाणी नुसतं वाफाळेल इतकाच जाळ ठेवला, वर वाडगा धरला आणि फेटायला लागल्या. बलक फुलले. व्हिस्कची रेघ उमटायला लागली. अजून जरा, हात म्हणाला. "पुरे," बाई मोठ्याने म्हणाल्या आणि वाडगा उतरवला. थेंब, थांबा, थेंब. अर्ध्यावर कडेला तेल सुटल्यासारखं दिसलं, तेव्हा घाबरून न जाता त्यांनी धार थांबवली, चमचाभर गरम पाणी टाकलं आणि जीव खाऊन फेटलं. सॉस पुन्हा एकजीव झाला. लिंबू, मीठ. आणि मग, कुणी न सांगता, त्यांनी चमचा बुडवून स्वतःच्या तोंडात घातला. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच न उकडलेलं अंडं जिभेवर आलं होतं, आणि ते चांगलं लागत होतं, फार चांगलं लागत होतं.

शेफने चव घेतली. चिमूटभर मीठ टाकलं. दोन प्लेटवर सॉस घातला आणि प्लेट बाहेर गेल्या.

बाईंनी हात पुसले, पिशवी उचलली. आपण काय केलं ते त्यांना चांगलं कळत होतं. परक्याच्या स्वयंपाकघरात येऊन, मालकिणीच्या तोऱ्यात, त्यांचंच सामान मोरीत घातलं होतं. अशा माणसाला कोण ठेवतं?

"थांबा," शेफ म्हणाली. ती ओव्हनशेजारच्या त्या ओट्यापाशी उभी होती आणि तिने ओट्यावर हात ठेवून पाहिला, मग लगेच काढून घेतला. तिचा चेहरा उतरला होता. "ती अंडी सहाला मीच फोडली होती. रोज मीच फोडते. सहा वर्षं झाली, मला कधी कुणी विचारलं नाही."

बाईंना वाटलं, संपलं. पण आता तोंड उघडलंच होतं, आणि ते पुन्हा मिटायची त्यांची तयारी नव्हती.

"मग तुम्हालाच सांगते," त्या म्हणाल्या. "परत फोडून ठेवू नका."

 शेफने विचारलं, "सोमवारपासून सकाळी साडेपाचला येता येईल?"

"पाचला येते," बाई म्हणाल्या. "अंडी मी फोडीन."